कार्बोरेटर निर्दोष होता

निगडी प्राधिकरण,
२१ सप्टेंबर

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

पैज तू जिंकलास. अण्णामामाच्या स्कूटरचा बिघाड हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये नव्हताच. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण पहिल्याच वाक्याला तू खो-खो हसत सुटला असतास आणि मी पुढचं सगळं गिळून ‘बाकी काय, पाऊस कसा आहे’ वर आलो असतो. म्हणून लिहितोय. दोन किलो बाकरवडी आज कुरिअरला दिली. त्यात एक छोटी पुडी आहे, ती आधी बाजूला काढ. तेलकट आहे.

अण्णामामाची ती चेतक स्कूटर मे महिन्यात टेम्पोतून माझ्या दारात उतरली, ते तुला ठाऊकच आहे. १९८४ची गाडी. मामा गेल्यावर आठ वर्षं साताऱ्याला पत्र्याखाली उभी होती. मामी म्हणाली, ‘भंगारवाला रोज दारात येऊन उभा राहतोय. त्याच्या हातात देववत नाही, तूच घेऊन जा.’ मेधाने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन चहा टाकला. आमचं गॅरेज म्हणजे बारा बाय दहाची खोली. आत सईची पहिली सायकल, जळालेली पाण्याची मोटर, दोन मिक्सर आणि बिनझाकणाचे रंगाचे डबे. मेधा त्याला माळ्याचा धाकटा भाऊ म्हणते. त्यातच चेतकला जागा केली. एका अर्थी ती माहेरीच आली म्हण ना, आकुर्डीचा कारखाना इथून हाकेच्या अंतरावर. आमच्या शेजारचे काका त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, उजव्या बाजूचं इंजिनावरचं झाकण उघडलं, हात लावून पाहिला आणि एवढंच म्हणाले, ‘घाई करू नका.’

जून निम्मा धुण्यातच गेला. डिझेल, ब्रश, जुने बनियन. चाकाचे पाच नट सोडवून दोन भागांची रिम उघडायची, ट्यूब बदलायची, हे काम मला अजून डोळे मिटून येतं. टायर साडेतीन-दहा मापाचे नवे घातले. ब्रेकशू बदलले. सगळ्यात जास्त घाम काढला तो केबलींनी. गिअरच्या दोन, क्लचची एक, ब्रेकची, रेसची, सगळ्या त्या एवढ्याशा हँडलच्या नळीतून जाणार. नवी ओढताना जुनीच्या टोकाला बांधून ओढायची, हे मला तिसऱ्या केबलला आठवलं.

मग एका रविवारी सईने कॅल्क्युलेटर मागवला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५७ मिलिमीटर, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ५७. मी म्हटलं, काढ घनफळ. उत्तर आलं १४५.४५ सीसी, थेट माहितीपत्रकातला आकडा. त्या पोरीला भूमितीत पहिल्यांदाच काहीतरी खरं सापडल्यासारखं वाटलं. (आता ती दिसेल त्या डब्याचं घनफळ काढते. मेधाच्या डाळीच्या डब्यांचंही.)

पेट्रोल घातलं, लिटरमागे वीस मिली टू-टी ऑइल मोजून. पंपावर ते हाताने फिरवायचं मिक्सिंगचं यंत्र आता दिसत नाही, त्यामुळे खोकल्याच्या औषधाचं माप वापरतो. गाडी मामासारखी एका कुशीवर कलती केली, सरळ केली, चोक ओढला, आणि चौथ्या किकला सुरू! निळा धूर, तो वास, ती फटफट. शेजारचे काका गच्चीवरून डोकावले. मी तुला व्हिडिओ पाठवला तो त्याच सकाळचा.

त्या व्हिडिओत जे नाही ते आता सांगतो. पाच मिनिटांनी इंजिन गरम झालं आणि रेस आपोआप चढायला लागली. मूठ पूर्ण सोडली तरी गाडी आरडाओरडा करतेय. आयडलिंगचा स्क्रू संपूर्ण बाहेर काढला, तरी तेच. चावी फिरवून बंद केली, थंड झाल्यावर पुन्हा चालू केली, पुन्हा पाच मिनिटं गुणी बाळ आणि मग पुन्हा तोच तमाशा.

मी लगेच कार्बोरेटर उघडला.

आता कबुलीजबाबाचा मुख्य भाग. मला कार्बोरेटर उघडायला आवडतं. टेबलावर स्वच्छ फडकं पसरायचं, फ्लोट काढायचा, स्लो जेट, मेन जेट, निडल ओळीने मांडायचे, वायरमधली तांब्याची एक बारीक तार काढून जेटच्या भोकातून फिरवायची (टाचणी नाही, भोक मोठं होतं), उजेडाकडे धरून पाहायचं. दागिने साफ करणाऱ्या सोनारासारखं वाटतं. हात काळे होत नाहीत, बसून करता येतं, चहा पिता येतो. तेव्हा बिघाड कार्बोरेटरमध्येच असणार, हे माझ्या मनात आधीच ठरलेलं होतं. जुलैत तो मी चार वेळा उघडला. चारही वेळा तो पहिल्यापेक्षा स्वच्छ निघाला.

मधे एकदा मला पुरावाही मिळाला, त्यानेच घात केला. गाडी पावसाच्या दोन आठवड्यांत तशीच उभी होती. टाकीतलं पेट्रोल लोणच्याच्या बरणीत काढलं, तर बरणीत दोन थर! वर हिरवट पेट्रोल, खाली पाण्यासारखा वेगळाच द्राव. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की दोघं मिळून पेट्रोलची साथ सोडून तळाशी बसतात. टाकीच्या झाकणाचं रबर मामाच्या काळातलं, तिथून ओल जात असणार. कॉकला जाणारी नळीही फुगून मऊ झालेली. टाकी धुतली, झाकणाचं रबर नि नळी बदलली, ताजं पेट्रोल भरलं. बरणीचा फोटो तुला पाठवून खाली लिहिलं होतं, ‘सापडला चोर.’ तू फक्त अंगठा पाठवलास. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

कारण तो चोर खरा होता, पण आपल्या घरातला नव्हता. गाडी थंड असताना छान, गरम झाली की रेस आपोआप.

मग तो आपला फोन. तू तीनच प्रश्न विचारलेस. धूर खूप पांढरा आहे का? नाही. गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतंय का? नाही. प्लगचा रंग? मी म्हटलं, पांढरा, खडूसारखा. भाजलेल्या सुक्या खोबऱ्यासारखा तांबूस नाही? नाही. तू म्हणालास, ‘मॅग्नेट काढ, ठिणगीची वीज करणारं ते चाक. मागे ओलं दिसलं तर त्या बाजूचं ऑइल सील, शाफ्टभोवतीची ती रबरी कडी, गेलंय.’ मी म्हटलं, रेस चढते आणि तू मला मॅग्नेट काढायला सांगतोस? तिथून पैज लागली.

फोन ठेवल्यावर रागारागाने कागदावर मांडलं, तुला खोटं पाडायला. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची पेटी हाच पंप. पिस्टन वर गेला की पेटीत पोकळी होते आणि ती कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल ओढून घेते. क्रँकच्या शाफ्टला दोन्ही टोकांना सील असतं, म्हणून ती पोकळी टिकते. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं: पांढरा धूर, ऑइल कमी. म्हणून तुझे पहिले दोन प्रश्न. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर निव्वळ हवा शिरते. कार्बोरेटर बिचारा आपल्या वाटच्या हवेपुरतंच पेट्रोल देतो, या चोरवाटेच्या हवेचा हिशोब त्याच्याकडे नसतो. मिश्रण पातळ, प्लग पांढरा, रेस बेलगाम. आणि ऑइल पेट्रोलमधूनच येत असल्याने पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. आणखी चार रविवार मी असाच हट्ट धरला असता तर पिस्टन जाम झाला असता. कागद घडी घालून खिशात ठेवला. कोणाला दाखवला नाही.

त्यातही लाजिरवाणं पुढेच आहे. जूनमध्ये पॉइंट (ठिणगी वेळेवर सोडणारे संपर्क) साफ करताना मी मॅग्नेट काढला नव्हता, त्याच्या खिडकीतूनच काम उरकलं होतं. पॉइंटची फट व्हिजिटिंग कार्डाने पाहिली (तुझं ते फिलर गेज विकत घे म्हणणं अजून बाकी आहे). तेव्हाच खिडकीतून बोट काळं-तेलकट होऊन बाहेर आलं होतं. मी ते चिंधीला पुसलं आणि पुढे गेलो. साक्षीदार घरी चालत आला होता आणि मी त्याला पाणी पाजून वाटेला लावलं!

शेजारच्या काकांकडून मॅग्नेट ओढून काढायचा पुलर आणला. पंख्याचं झाकण, मधला नट, पुलर बसवून पिळत गेलो आणि ‘टाक्’ आवाज करून मॅग्नेट सुटला. आत सगळं काळं, चिकट, ओलं. कॉइल प्लेटवर ऑइलचा लेप. मी काही वेळ स्टुलावर नुसता बसून राहिलो. काका म्हणाले, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘बाकरवडी.’

प्लेट काढण्याआधी खूण करायची, नाहीतर ठिणगीचं टायमिंग जातं, म्हणून छिन्नी घेतली. तर तिथे आधीच तीन खुणा! मामाने कोणाकोणाकडून उघडवली होती कोण जाणे. प्रत्येक मेकॅनिकला आधीच्याची खूण चुकीची वाटलेली. गाडी आहे त्या जागी चालत होती, म्हणून मी चौथी मारली. बाजूला मार्करने गोल केला. माझ्यानंतर जो उघडेल त्याने मला शिव्या द्याव्यात, पण निदान कोणती खूण माझी ते त्याला कळावं.

सीलसाठी नाना पेठेत गेलो. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने जुनं सील बोटांत फिरवलं आणि विचारलं, ‘स्वतः बसवणार?’ हो म्हटल्यावर म्हणाला, ‘मग दोन न्या.’ मला राग आला, पण वस्तू शंभराच्या आतली, नेली. घरी येऊन ग्रीस लावलं, स्प्रिंगची बाजू आत ठेवून शाफ्टवर सरकवलं, आणि मॅग्नेट जिथे अडकतो त्या कीच्या खाचेच्या धारेवर सीलचा ओठ कापला गेला. दुसऱ्या वेळी खाचेवर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला, मग सरकवलं, योग्य मापाचा बॉक्स पाना वर ठेवून हळूहळू ठोकलं. त्या म्हाताऱ्याने माझ्यासारखे किती जण पाहिले असतील.

गाडी आता मूठ सोडली की खाली येते. वीस मिनिटं आमच्याच गल्लीत येरझाऱ्या घातल्या. प्लग अजून पुरता खोबऱ्याच्या रंगाचा नाही, पण खडूही नाही.

हे सगळं करताना मला तुझं चिपळूण आठवत होतं. २२ जुलै २०२१चा पूर. वाशिष्ठी ओसरल्यावर मी पाने घेऊन आलो, तर तुझ्या गल्लीतल्या प्रत्येक गाडीला खोक्याच्या पुठ्ठ्याची पाटी अडकवलेली: ‘किक मारू नका.’ तुझंच अक्षर. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो, हे तू घरोघर सांगत हिंडत होतास आणि तुझ्या स्वतःच्या घरात गुडघाभर गाळ होता. मग आपण एकेक गाडी घेतली. प्लग काढून पाणी बाहेर, चहासारखं झालेलं ऑइल बाहेर, नवं घालून फिरवून पुन्हा बाहेर, आणि सगळ्यात शेवटी ठिणगी. मला मधेच एका गाडीचा कार्बोरेटर उघडायचा होता. तू म्हणालास, ‘त्याचा नंबर सहावा आहे.’ अकरा गाड्या चालू झाल्या होत्या ना? की बारा? तुझ्या त्या भिजलेल्या वहीत असेल.

तर पुडीत ते जुनं सील आहे. ओठावरून नख फिरवून बघ, रबर नाही, काच झालीय. चाळीस वर्षांत माणसाचंही होतं, गाडीला काय बोल लावायचा. वाटलं तर भिंतीवर टांग.

समोरच्या मुलाने त्याच नावाची विजेवरची चेतक घेतलीय. काल कौतुकाने दाखवायला आला. आवाज नाही, धूर नाही, किक नाही. मी खूप वेळ पाहिलं. शेवटी विचारलं, ‘यात उघडायचं काय असतं?’ तो बघतच राहिला.

खंडेनवमीला यंदा पाने-पक्कडांबरोबर काकांचा पुलरही पूजेला ठेवणार आहे, त्यानंतर परत करीन. दसऱ्याला मामीला साताऱ्याहून आणतोय, तिला मागे बसवून एक चक्कर मारायची आहे. गाडीचं पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण मात्र बाकी आहे, त्यामुळे तोवर फक्त आमच्या गल्लीतच.

वहिनींना नमस्कार. ओंकारला सांग, सई त्याच्या पाण्याच्या टाकीचं घनफळ काढायला दिवाळीत येतेय.

आणि हो, तुझा ग्रासकटर गरम झाला की बंद पडतो म्हणालास ना मागच्या वेळी? मी लांबूनच सांगतो. कार्बोरेटर. लावतोस का पैज?

तुझा,
शिऱ्या