केमोची नववी रात्र

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

गेल्या चैत्रात माझ्या पत्नीची स्तनाच्या कॅन्सरसाठी पहिली केमो झाली. संध्याकाळी सुट्टी मिळाली तेव्हा हातात बिल, गोळ्यांची पिशवी आणि इंग्रजीत छापलेला एक कागद होता. 'काळजी घ्या, २१ दिवसांनी या,' एवढंच सांगून आमची बोळवण झाली. त्याच रात्री लघवी लालसर झाली. रक्त जातंय असं समजून ती उजाडेपर्यंत रडत होती. औषधच लाल रंगाचं असतं आणि एक-दोन दिवस तो रंग लघवीत दिसतो, हे सांगायला कितीसा वेळ लागला असता?

ते निभावलं. नवव्या रात्री अकराच्या सुमाराला तिला कणकण वाटली. थर्मामीटरवर १०१. मी क्रोसिन दिली. घाम येऊन ताप उतरला आणि मी निश्चिंत झोपलो. पहाटे चारला जाग आली ती पलंगाच्या आवाजाने, इतकी ती कुडकुडत होती. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "केमोचा कितवा दिवस?" मला बोटांवर मोजावं लागलं. रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ४०० पर्यंत घसरल्या होत्या. पाच दिवस आयसीयूत काढले. ती वाचली.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात या पेशी सर्वांत कमी होतात, हे मला तिथे कळलं. लढायला पेशीच नसल्या की ना सूज दिसते, ना पू. ताप हीच काय ती खूण. म्हणून १००.४ फॅरनहाइट भरला की रात्र असो वा सण, तडक रुग्णालय गाठायचं. मनाने तापाची गोळी द्यायची नाही. ताप उतरतो, पण संसर्ग आत वाढत राहतो.

पुढच्या केमो आम्ही दुसरीकडे घेतल्या. तिथल्या नर्सबाई खुर्ची ओढून अर्धा तास बसल्या. मऊ ब्रश वापरा, कोमट पाण्यात मीठ-सोडा घालून गुळण्या करा, सर्दी-खोकला असलेल्यांना भेटीला येऊ देऊ नका, आणि शेजारणीने दिलेला पपईच्या पानांचा रस आम्हाला विचारल्याशिवाय घेऊ नका, असं सगळं समजावलं. शेवटी पत्नीलाच विचारलं, "आता तुम्ही सांगा बघू, रात्री ताप आला तर काय कराल?" तिचं उत्तर अर्धवट होतं, तेव्हा बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

इंदूरच्या प्रत्येक केमो विभागात पहिल्या बाटलीआधी हा अर्धा तास मिळायलाच हवा. सोबत मराठी-हिंदीत एक पान द्यावं आणि त्यावर रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर असावा. असं पान मी मराठीत लिहून आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलं आहे. शहरातल्या मराठी मंडळांनी ते छापून गणेशोत्सवात वाटायचं ठरवलं, तर छपाईचा खर्च मी देईन.

आपला,
एक वाचक, सुदामानगर, इंदूर