दिवाळीला मी नसेन

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की आईचा आवाज उतरतो आणि मी दुसरंच काहीतरी बोलत बसते, म्हणून लिहितेय. आमचं ठरलंय. अनंत चतुर्दशी झाली की मी आणि अनिकेत कॅम्परव्हॅन घेऊन निघतोय, सायकली मागच्या रॅकवर, आधी लडाख आणि येताना जैसलमेर. पैसे भरून झालेत, बिनपगारी रजाही मंजूर झालीय. म्हणजे दिवाळीला मी घरी नाही. भाऊबीज आल्यावर करू असं दादाशी बोललेय, पण आई, तुला कसं वाटेल ते मला कळतंय गं. फक्त आता नाही गेलो तर मग घराचा हप्ता, मग मूल, तुम्हीच तर मागे लागलाय ना, आणि ते झाल्यावर कोण सोडणारे आम्हाला.

बाबा, तुम्ही आधी विरळ हवेचं विचारणार. म्हणूनच मनालीवरून न चढता श्रीनगरवरून जातोय, त्या रस्त्याने उंचीची सवय होत जाते, कारगिल साधारण २,७०० मीटर आणि मग लेह ३,५००. लेहला पहिले दोन दिवस नुसतं लोळायचं, सायकलला हात लावायचा नाही. नंतरही सिंधूच्या काठाने शे, ठिकसे या गावांपर्यंत, एवढंच. परतताना मनालीच्या रस्त्यावर ‘तांगलांग ला’ हा घाट लागतो, ५,३२८ मीटर, तो गाडीतूनच ओलांडणार, आणि पलीकडे मोरे प्लेन्सचं लांबलचक सपाट पठार आहे तिथे एकजण सायकलवर, दुसरा व्हॅन घेऊन मागे. डोकं दुखलं, मळमळलं की पुढे चढायचं नाही, खाली उतरायचं, हे दोघांचं पक्कं आहे. आणि पावसाचं म्हणाल तर २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, लेहला अख्ख्या वर्षात शंभरच्या आसपास पडतो. त्या रात्रीचं तुम्हाला मी काय सांगणार.

आई, गाडीत सगळं आहे. गादी, शेगडी, छोटा फ्रीज, आणि संडाससुद्धा, तुझी मोठी काळजी मिटली. लेहला पाणी ८८ डिग्रीच्या आसपासच उकळतं, पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, म्हणून तुझा तीन लिटरचा कुकर नेतेय, त्याची रिंग सैल झाली होती ती नवीन घातलीय. मेतकूट आणि कुळथाचं पीठ तूच बांधून दे, विकतचं नको. रात्री थंडी शून्याखाली जाईल पण डिझेलवरचा हीटर आहे, आत शेगडी पेटती ठेवून झोपणार नाही, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावलाय. जैसलमेरला नोव्हेंबरात पोचू, ऊन उतरलेलं असेल, सायकल डांबरी रस्त्यावरच, आणि सराट्यांनी पंक्चर होऊ नये म्हणून टायरमध्ये सीलंट भरलंय.

बाबा, आपण तासाच्या भाड्याने लाल सायकल आणायचो तेव्हा तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचात, मी सारखं किती वेळ उरला विचारू नये म्हणून. वरचे पैसे किती द्यावे लागायचे ते कधी सांगितलं नाहीत.

आता तुमचं. बाबांची शुगर दसऱ्याआधी, लॅबवाला सकाळी घरी येईल, उपाशीपोटीची आहे तेव्हा त्याच्याआधी चहा-बिस्किट नाही. आई, चकल्या आणि करंज्या पाटीलकाकूंना सांगितल्यात, तू फक्त चिवडा कर, आणि डबे काढायला स्टुलावर चढायचं नाही, शनिवारी दादा येईल तो काढेल. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही म्हणून मी पोस्टपेड घेतलंय, तरी मधल्या पट्ट्यात रेंज नसते, एक-दोन दिवस फोन आला नाही तर लगेच मामाला कळवू नका, तो अख्खं पार्ला गोळा करतो.

निघायच्या आदल्या रात्री तुमच्याकडेच झोपायला येतोय. व्हॅन कंपाउंडमध्ये वळणार नाही, बाबा, गेटबाहेर लावायचं सेक्रेटरींशी बोलून ठेवा.

तुमची,
मनू