कडेच्या खुर्च्या काढल्यात

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर तुम्ही सांगली सोडून पुण्याला यायचा विषय काढला की बाबा "बरं, आईला देतो" म्हणतात आणि आई "जेवलीस का" विचारते. म्हणून पत्र. दोघांनी एकत्र बसून वाचा. आई, तू मोठ्याने वाच. बाबा, यंत्र कानात घाला.

जागा घेतली. कोथरूडलाच, आमच्या घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर. पहिला मजला, लिफ्ट, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. करार अकरा महिन्यांचा आहे, अनामत भरून झाली. तेव्हा आता "बघू", "आंबे होऊन जाऊ देत", "दिवाळीनंतर" हे नको. मे संपायच्या आत, पाऊस लागायच्या आधी यायचं आहे.

आधी बाबांच्या त्या वाक्याबद्दल. आईने सांगितलं मला, "मला बेलवलकर व्हायचं नाही" म्हणालात ते. दोन दिवस लागलं मला ते, मग हसू आलं. कारण 'नाट्यसम्राट' तुम्हीच दाखवलंत मला, भावे नाट्यमंदिरात, आणि घरी येताना रिक्षात समजावूनही दिलंत. मग नीट आठवा. आप्पासाहेब बेलवलकरांचं दुर्दैव मुलांकडे राहायला जाण्यात नव्हतं. पहिल्याच अंकात सगळं वाटून मोकळे झाले, त्यात होतं. तिकडे शेक्सपिअरच्या लिअर राजानेही तेच केलं. ताट द्यावं, पाट देऊ नये, हे आजी आपल्या स्वयंपाकघरात उठताबसता म्हणायची. तेव्हा गावभागातलं घर विकायचं नाही, कुणाच्या नावावर करायचं नाही. दादाने विचारलं तरी नाही, आणि मी विचारलं तर खुशाल कान उपटा. पेन्शन तुमच्याच खात्यात, पासबुक तुमच्याच कपाटात, किल्ली आईच्या पर्समध्ये. म्हणून तर आमच्यात न आणता वेगळी जागा बघितली. तुमचं दार, तुमची कडी. तुमचे जावईसुद्धा बेल वाजवूनच येतील, हे त्यांनी स्वतःहून सांगितलंय.

आणि एक सांगते, दळवींचं 'संध्याछाया' मी पुन्हा कधी बघणार नाही. नाटक म्हणून त्याला नावं ठेवायला जागा नाही, पण ते पाहून आल्यापासून रात्री तुमचा फोन उचलला गेला नाही की मला झोप लागत नाही. तुम्ही नऊलाच झोपलेले असता, हे माहीत असूनही.

आई पडली त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते. बाबा, ह्यात तुमच्याकडे बोट नाही. यंत्र टेबलावर होतं, रेडिओवर नाट्यपदं चालू होती, न्हाणीघर मागच्या अंगाला. कुणालाही ऐकू आलं नसतं. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून ऐकलं हे आपलं नशीब. पण मी निघून साताऱ्याच्या पुढे पोचते तोवर तिकडे टाके घालून झाले होते, आणि आई मला फोनवर "कशाला धावत येतेस, टोमॅटोचं सार केलंय" सांगत होती. डोक्याला चार टाके आणि टोमॅटोचं सार! २०१९ च्या पुरात पाणी जिन्याला लागलं तेव्हा बाबांनी ट्रंका स्वतः माडीवर नेल्या. आता गुडघ्यांनी तो जिना साधा चढवत नाही. परत तसं पाणी आलं तर मी हायवेवर अडकून पडेन आणि तुम्ही माडीवर. एवढंच आहे माझ्या मनात, दुसरं काही नाही. तुम्ही ओझं-बिझं आहात असं कुणी म्हटलेलं नाही, तेव्हा तो शब्द आईने पुन्हा काढायचा नाही.

न्हाणीघरात दोन्ही बाजूंना धरायच्या दांड्या बसवून घेतल्यात, फरशी खरखरीत आहे. कमोड उंच आहे. गीझर बाबांना फिरवता येईल असा साधा, एकच बटण. दूध सहाला दारात. चहाची पावडर तीच, आलं मी आणून ठेवीन. आईच्या तुळशीला गॅलरीत सकाळचं ऊन येतं, मी उभं राहून बघितलं. भडंग इथेही मिळतं, पण तुम्ही नावं ठेवाल, म्हणून येताना आणा. हळदही आणा. जातं आणू नका. आई, जातं आणायचं नाही.

आता बाबांचा खरा मुद्दा. "नाट्यपंढरी सोडून कुठं येऊ?" बाबा, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पाठबळ दिलं, देवल आपल्या हरिपूरचे, खाडिलकर आपल्या सांगलीचे. हे सगळं मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पण पाच नोव्हेंबरला भावे गौरव पदकाच्या कार्यक्रमाला कोट घालून जायचं आणि उरलेलं वर्ष रेडिओपाशी बसायचं, ह्याला वारी म्हणायची का? दौऱ्यावरची नाटकं तिकडे आता मोजकीच येतात, आणि आली तरी रात्रीच्या प्रयोगाला तुम्हाला न्यायचं कुणी? आणि तुमचं दैवत तर संगीत नाटक. किर्लोस्करांनी 'शाकुंतल' १८८० मध्ये रंगवलं ते पुण्यातच. तेव्हा तुम्ही सासरी येत नाही, माहेरीच येताय असं समजा.

इथे दुपारी साडेबाराचा प्रयोग असतो, बाबा. जेवून जायचं, चारपर्यंत घरी. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह नव्या जागेपासून रिक्षाने पाच मिनिटं. बालगंधर्व लांब आहे, पण १९६८ पासूनची ती वास्तू तुम्हाला आवडते, तर तिथे महिन्यातून एकदा मी गाडीने नेईन. मध्यंतरात बटाटेवडा एकच. दोघांत एक नव्हे, प्रत्येकी एक, पण एकच. डॉक्टरांना मी विचारलं नाहीये, ते नाही म्हणतील.

आणि आपलं भांडण पुढे चालवायचं आहे ना? मी अजून तिथेच उभी आहे: किर्लोस्करांचं 'सौभद्र' खाडिलकरांच्या 'मानापमाना'पेक्षा चांगलं नाटक आहे. चिडू नका. किर्लोस्करांची माणसं बोलता बोलता गायला लागतात. साकी-दिंडीसारखी जुनी वृत्तं, बायकांच्या गाण्यांच्या चाली, असं कानावरचं काहीतरी घेऊन पद येतं, चार ओळींत काम करतं आणि बाजूला होतं. सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी लावायचा बलरामाचा बेत आणि तो उधळायचा कृष्णाचा कट, हे सगळं गाण्यातून पुढे सरकत असतं. 'मानापमान'मध्ये गोविंदराव टेंब्यांच्या चाली अंगावर काटा आणतात, कबूल. पण भामिनी वनमाला होऊन धैर्यधराच्या छावणीत शिरते तिथे तिने सावध असायला हवं ना? ती आलाप घेत बसते. पुढे 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालच आणले रंगमंचावर, आणि मग एक गाणार, बाकीचे पाटावरच्या गणपतीसारखे बसून राहणार. वन्समोअर आला की पहिल्यापासून पुन्हा. गाणं मोठं झालं आणि नाटक बारीक होत गेलं, असं माझं मत आहे. आणि देवलांची 'शारदा' ह्या दोघांच्याही वर. १८९९ मध्ये म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीचं नाटक लिहिलं आणि तिच्या तोंडी घातलेली भाषा अजून परकरी पोरीची वाटते.

तुम्ही ह्यावर १९२१ चं, दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेलं संयुक्त 'मानापमान' काढाल. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व, टिळक स्वराज्य फंडासाठी, आणि पणजोबांनी न पाहिलेला तो प्रयोग आपल्या घरात पाहिल्यासारखा सांगितला जातो. त्याच वर्षी केशवराव गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळलं, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, तेव्हा तुम्ही जेवला नव्हता. आईने फोन करून मला सांगितलं होतं, "ह्यांना सांग काहीतरी." मी काय सांगणार होते? शाहू महाराजांनी बांधलेलं, तुम्ही कॉलेज बुडवून एस.टी.ने जायचात ते. मी तुम्हाला 'कट्यार काळजात घुसली'बद्दल विचारलं आणि तुम्ही तासभर वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबावर बोललात. त्यात माझंही एक मत होतं, ते त्या दिवशी ऐकून घेतलं नाहीत. २०१५ च्या सिनेमात कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो, रंगमंचावर तान अख्ख्या अंगातून येते. दारव्हेकरांचं ते लिखाण आणि अभिषेकीबुवांच्या त्या चाली मुळात लांबून बघायसाठीच आहेत.

'घाशीराम कोतवाल'ला तुम्ही संगीत नाटक मानत नाही, मी मानते. कीर्तन आहे, लावणी आहे, अभंग आहे, आणि माणसांचा पडदा स्वतःच गातो, डुलतो, पाठ फिरवतो. भास्कर चंदावरकरांचं संगीत काढून घ्या, उरतं काय? हे भांडण समोरासमोर करू.

आई, तू आता पान उलटू नकोस, तुझ्यासाठीही आहे. तुला पद सुरू झालं की दळण आठवतं, ठाऊक आहे. तुला 'चारचौघी' दाखवलं तेव्हा मुक्ता बर्वेच्या फोनच्या प्रवेशाला तू माझा हात इतका घट्ट धरलास की बांगडीचा वळ उठला. नवऱ्याशी एकटीच फोनवर बोलत राहते ती, पलीकडचं अक्षर ऐकू येत नाही, आणि तरी त्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. पण 'देवबाभळी' तुला दाखवायचं राहिलं, त्याची मला चुटपुट आहे. गाणं न आवडणाऱ्यांसाठीच ते होतं असं मला वाटतं. रंगमंचावर दोघीच. तुकोबांची आवली, पोटुशी, पायात काटा गेलेली. आणि तिची सेवा करायला नाव बदलून आलेली रखुमाई. आवली त्या काळ्याला तोंडभर शिव्या देते आणि काळ्याची बायको तिच्या घरात ऐकून घेते. भांडी, चूल, पाणी, आणि कामं करता करता दोघी गातात. एकीचाही आलाप लांबत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बरोबर बोलतेय आवली." संहिता पुस्तकरूपात आहे, ती आणून ठेवते. दुपारी वाच.

बाबा, कानाचं. नाट्यगृहात यंत्र शिट्टी मारतं म्हणून तुम्ही ते खिशात टाकता आणि मग सगळे पुटपुटतात अशी तक्रार करता. मी इथे विचारून आले. कानातला साचा सैल झाला की आवाज बाहेर निसटून परत यंत्रात शिरतो, त्याची ती शिट्टी. साचा नवा करायचा, बस. मंगळवारची वेळ घेऊन ठेवलीय. आणि पहिल्या रांगेचा हट्ट सोडा. पूर्वी माइक नव्हते तेव्हा ठीक होतं, आता गळ्याशी माइक आणि बाजूला मोठे स्पीकर, पहिल्या रांगेत बसून तुम्हाला पेटी तेवढी ऐकू येते. सहावी-सातवी रांग, कडेच्या दोन खुर्च्या, म्हणजे गुडघा वाटेत लांब करता येईल. गर्दी उतरली की मगच उठायचं.

मला आठवतं, मी तिसऱ्या अंकापर्यंत कधी जागीच राहायची नाही. आईची शाल, बाबांची मांडी, आणि भैरवीला तुम्ही मला हलवायचात, "ऊठ, शेवट बघ." झोपेत ऐकलेल्या त्या सगळ्या शेवटांवर मी मोठी झाले, बाबा. मला तुमच्यासोबत पुन्हा नाटकं बघायची आहेत, इतकं साधं आहे. अकरा महिने करून बघा. नाही रुचलं तर मी स्वतः गाडीत सामान भरून सोडीन, आणि काही बोलणार नाही. फार बोलणार नाही.

आता कामाचं. दोघांच्या गोळ्या महिन्याभराच्या आणा, चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात. आईचा जुना ईसीजी, बाबांच्या स्टेंटची फाइल, दोन्ही हातातल्या पिशवीत, डिकीत नको. गॅस सिलेंडर बंद करून किल्ली काकूंकडे. आडाची झाकणी लावा. कॅसेटचा ट्रंक बाबांना आणायचा असेल तर आणू दे, आई, भांडू नकोस. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा इथे एक शोधलाय. मी शनिवारी संध्याकाळी येते, रविवारी पहाटे निघू. वाटेत थांबत थांबत.

जून लागला की एका हौशी मंडळाचा 'सौभद्र'चा प्रयोग आहे. तिकिटं काढून ठेवलीत.

तुमची,
ठमी

ता. क. बाबा, 'मानापमान'वरचं उत्तर पत्रानेच धाडा. फोनवर आई मध्ये बोलते.