गाडी उचलली, कोन कोणी मोजला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या पुरवणीत चिखलातून उसळणाऱ्या जिपांची छायाचित्रं येऊ लागतात. यंदाच्या लेखात गाडी उंच करून घेण्याची माहिती होती आणि शेवटी जाता जाता एक सल्ला होता: नंतर थरथर वाटली तर चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. हे पत्र त्या एका वाक्यासाठी. माझी उभी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा फिरता दांडा) आणि डिफरन्शियल (तो जोर दोन चाकांत वाटणारी गिअरची पेटी) उघडण्यात गेली, त्यामुळे ते वाक्य वाचून चहा गार झाला.

माझ्या भाच्याकडे लष्कराच्या लिलावातून आलेली मारुती जिप्सी आहे. या गाडीत मुळात पुढचे आणि मागचे दोन्ही पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, अ‍ॅक्सलच्या खालून जातात. ते काढून अ‍ॅक्सलच्या वर बसवले की नळी आणि पाट्यांचा जुडगा यांच्या जाडीएवढी, म्हणजे पाचेक इंच, गाडी वर येते. नवे पाटे घ्यावे लागत नाहीत, म्हणून पोरांना हा प्रकार फार आवडतो. भाच्यानेही तेच करून घेतलं. कराडला परत येताना महामार्गावर पन्नासच्या पुढे गाडीची फरशी घुमू लागली आणि साठीला आरशातलं चित्र फिसकटलं. वर्कशॉपवाल्याने बॅलन्सिंग केलं. मग टायर इकडचे तिकडे केले, परत बॅलन्सिंग केलं, शेवटी इंजिनाची माउंटिंगं बदलली. बिलं वाढत गेली, घुमणं होतं तिथेच.

गाडीखाली शिरण्याआधी कागदावर थोडा हिशेब केला असता तर हे सगळे पैसे वाचले असते. टायर तीस इंची धरा. ताशी साठ किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण सात फेरे घेतं. डिफरन्शियलचं प्रमाण ढोबळमानाने चारास एक धरलं तर शाफ्ट सेकंदाला अठ्ठावीस वेळा फिरतो. आता चाक असंतुलित असेल तर सेकंदाला सात हादरे येतात. ते स्टिअरिंगवर हाताला कळतात, मागच्या चाकाचे असतील तर सीटला. शाफ्टचं संतुलन बिघडलं असेल तर अठ्ठावीस. आणि शाफ्टच्या क्रॉसचे, म्हणजे टोकांच्या वाकत्या सांध्यांचे, कोन चुकले असतील तर त्याच्याही दुप्पट, छप्पन्न, कारण क्रॉस एका फेऱ्यात दोनदा झटका देतो. छप्पन्न हादरे मोजता येत नाहीत, ते घुमल्यासारखे ऐकू येतात आणि तळपायाला मुंग्या आणतात. भाचा पहिल्या दिवसापासून घुमतंय असं सांगत होता. सात हादऱ्यांना घुमणं कोणी म्हणत नाही.

खात्री करायला रस्ता पुरतो. सरळ, मोकळा पट्टा बघून गाडी त्या वेगाला न्यायची आणि न्यूट्रल करायची. इंजिन बंद करायचं नाही, ब्रेकची मदत जाते. वेग तोच असताना घुमणं तसंच राहिलं तर इंजिन आणि क्लच निर्दोष. मग अ‍ॅक्सिलरेटरचा पाय दाबून आणि सोडून बघायचं. चाकाच्या असंतुलनाला तुमचा पाय कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं. कोनाच्या दोषाला असतं. भाच्याच्या गाडीत पाय दाबला की आवाज चढायचा आणि सोडला की निम्म्यावर यायचा. जिप्सीत आणखी एक सोय आहे: मागचा शाफ्ट फ्लँजपासून सोडून फोर व्हील ड्राइव्ह टाकला की गाडी पुढच्या चाकांवर चालते. तशी चालवली आणि घुमणं गायब झालं. दोषी मागचा शाफ्ट, याबद्दल शंका उरली नाही.

हे का होतं ते थोडक्यात सांगतो, कारण गॅरेजमध्ये विचारलं तर बहुतेक ठिकाणी खांदे उडवतात. क्रॉस जॉइंट कोनात चालवला की एका बाजूने एकसारखी गती गेली तरी दुसऱ्या बाजूला ती एकसारखी निघत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा घटते. रॉबर्ट हूकला हे सतराव्या शतकातच माहीत होतं. चार अंशांत हा चढउतार पाव टक्क्याच्या आतबाहेर असतो, बारा अंशांत दोन टक्क्यांच्या वर जातो. कोन तिप्पट झाला की चढउतार नऊपट होतो, ही गोष्ट किट विकणारा सांगत नाही. मीटरभर लांबीचा शाफ्ट धरला तर पाच इंचांची उंची त्याचा उतार सात अंशांनी वाढवते. शाफ्टला दोन क्रॉस देतात ते यासाठी की पहिल्याने केलेली गडबड दुसऱ्याने निस्तरावी. पण ती तेव्हाच निस्तरते जेव्हा दोन्ही टोकांचे कोन सारखे असतात, म्हणजे ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या शाफ्टांना वाटणाऱ्या पेटीचा) बाहेर येणारा दांडा आणि डिफरन्शियलचा पिनियन (शाफ्ट जोडला जातो तो गिअरचा दांडा) एकमेकांना समांतर असतात.

मोजायला लोहचुंबकाचा डिजिटल अँगल मीटर लागतो, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. गाडी सपाट फरशीवर स्वतःच्या चाकांवर उभी हवी. लिफ्टवर टांगून मोजणारे पाहिलेत. अ‍ॅक्सल खाली लोंबकळत असताना घेतलेल्या मापाचा काय उपयोग? आम्ही तीन ठिकाणी मीटर लावला. ट्रान्सफरचा दांडा मागच्या बाजूला दोन अंश उतरता, शाफ्ट तेरा अंश उतरता आणि पिनियन, तोंड वर करून, नऊ अंशांत. म्हणजे पुढच्या क्रॉसला अकरा अंश, मागच्याला चार. उरणारी गडबड वर्गांच्या वजाबाकीने निघते: १२१ वजा १६, १०५, त्याचं वर्गमूळ दहाच्या किंचित वर. दोन क्रॉस असूनही गाडी दहा अंशांतल्या एकाच क्रॉसवर चालल्यासारखी चालत होती. चाकाला शिशाचे तुकडे चिकटवून हे कसं जाणार?

पिनियनचं तोंड ट्रान्सफरकडे रोखून बसवलं होतं, ते चुकून नव्हे. उंच केलेल्या जिपांना अमेरिकेत ट्रान्सफरच्या टोकाला दोन क्रॉस शेजारी शेजारी असलेला शाफ्ट सर्रास बसवतात. त्यात पुढची जोडी आपला कोन आपणच निस्तरते, म्हणून मागच्या क्रॉसला कोन जवळपास नसावा लागतो आणि पिनियन शाफ्टच्या रेषेत ठेवतात. इकडे बघून शिकतात ते व्हिडिओ बहुतेक तिकडचे. आपल्या मिस्त्रीने पिनियन तिकडचा लावला आणि शाफ्ट इकडचाच ठेवला. कौशल्य कमी नव्हतं हो, वेल्डिंग तर सुरेख होतं.

पाटे बसतात त्या वेल्ड केलेल्या बैठका कापून नव्या कोनात लावाव्या लागल्या. फरक दोनतीन अंशांचा असता तर पाट्याखाली लोखंडी पाचर चालली असती. आठ अंशांची पाचर मी तरी लावणार नाही. पिनियन ट्रान्सफरच्या दांड्याइतक्या दोन अंशांऐवजी एक अंशावर ठेवला. पाट्यांच्या गाडीत जोर लागला की अ‍ॅक्सल पीळ खातो आणि पिनियनचं तोंड वर उचललं जातं, तेवढी जागा आधीच सोडायची असते. वेल्डिंग थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला, थांबून थांबून करवून घेतलं, नाहीतर अ‍ॅक्सलची नळी वाकते.

गाडी आता सत्तरपर्यंत शांत आहे. ऐंशीच्या पुढे बारीक घुमते, आणि घुमणारच. दोन्ही कोन सारखे केले तरी मधला शाफ्ट स्वतः अकरा अंशांचा चढउतार सोसतच फिरतो, ते वजन कुठे जाईल? ट्रान्सफर खाली घ्यावा तर गिअरबॉक्सपासून त्याच्याकडे येणाऱ्या आखूड शाफ्टचा कोन बिघडतो. दुहेरी क्रॉसचा शाफ्ट करवून घेणं किंवा उंची दोन इंचांवर आणणं, एवढेच दोन मार्ग. भाचा अजून विचार करतोय.

लांबी वाढवायला शाफ्ट लेथवाल्याकडे दिला असेल तर आणखी एक पाहावं. दोन्ही टोकांच्या योकचे (क्रॉस धरणाऱ्या काट्याचे) कान एका रेषेत हवेत. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही भागांवर छिन्नीची खूण करायची, ही सवय आम्हाला पहिल्याच आठवड्यात लावली जायची. एक दाता इकडेतिकडे बसला तरी सगळे कोन बरोबर असून गाडी घुमते. आणि चाक पूर्ण खाली लोंबलं की स्लिप योक (शाफ्टचा आतबाहेर सरकणारा भाग) किती बाहेर येतो तेही बघून घ्यावं. पुढच्या टोकाला सुटलेला शाफ्ट रस्त्यात रुततो आणि गाडीचं मागचं अंग उचलतो. बसच्या शाफ्टखाली लोखंडी कडं असतं ते शोभेला नाही. उंच केलेल्या जिपांना असं कडं बसवलेलं मी अजून पाहिलं नाही.

कायद्याचा विषय निराळा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करून गाडी रस्त्यावर आणणं हेच बेकायदा आहे आणि अपघात झाला की विमा कंपनी आधी तेच काढते. आपल्या लेखात त्याचाही उल्लेख नव्हता. पण पोरं गाड्या उचलायची थांबणार नाहीत हे मलाही दिसतं, आणि खाजगी जागेतल्या ट्रॅकपर्यंत त्या कुंभार्ली घाटातून, आमच्या तुमच्या मधूनच जातात.

म्हणून मागणी एवढीच. गाडी उंच करणाऱ्याने बिलावर तीन आकडे लिहून द्यावेत: ट्रान्सफर, शाफ्ट आणि पिनियनचा कोन, कामाआधीचे आणि कामानंतरचे. ज्याला ते लिहिता येत नाहीत त्याच्याकडे गाडी देऊ नये. पुढच्या पुरवणीत बॅलन्सिंगच्या त्या वाक्याची दुरुस्ती छापलीत तर फार बरं होईल; आकृती हवी असल्यास काढून पाठवतो.

आपला,
एक निवृत्त एसटी कार्यशाळा कर्मचारी,
कराड