न उघडलेली खोकी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवाच्या फोटोत तुझ्या कपाटाचा खालचा कप्पा दिसला. बुटांची सात खोकी, त्यातली चार अजून फोडलेलीही नाहीत. पगार तुझा, आवड तुझी; हिशेब मागत नाही. पण ती चार खोकी मनातून जाईनात.

मीही एक जोड खास प्रसंगांसाठी जपला होता. पाच-सहा वर्षांत दोनदा घातला असेन. एका समारंभाला तो घालून निघाले आणि चालता चालता सोलचा भुगा पडायला लागला. घरी अनवाणी आले, फार वाईट वाटलं. सोल पॉलीयुरेथेन नावाच्या एका प्लास्टिकचा होता. हवेतला ओलावा त्याचे रेणू तोडत राहतो, बूट पायात असो वा खोक्यात. दमट, बंद जागेत तर सोल आणखी लवकर सुटतो. मी जपत होते आणि तो आतून संपत होता.

म्हणून ती खोकी याच आठवड्यात फोड. जोड आलटून पालटून घाल, म्हणजे घाम सुकायला मधे एक दिवस मिळेल. ज्याला पाय लागणारच नाही असं वाटतं, तो परत करता येत असेल तर आताच कर.

पुढचा जोड घेशील तेव्हा संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. सोल शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला, ते उलटून बघ. शिवलेला महाग पडतो, पण झिजला की बहुतेकदा नवा सोल बसवता येतो. रोजच्या चालण्याच्या बुटावर जास्त पैसे घातलेस तर मला आनंदच होईल. गुडघे आयुष्यभराचे आहेत गं.

पर्स आणि गॉगलचं मात्र वेगळं आहे. तिथे बरेचदा आपण नावाचे पैसे मोजतो. शनेल, प्राडा, व्हर्साची ही नावं वेगवेगळी, पण तिघांचेही गॉगल एस्सिलॉरलक्झॉटिका ही एकच कंपनी बनवते. डोळ्यांना हवं असतं ते अतिनील किरणांपासून संरक्षण. काचेवर यूव्ही ४०० लिहिलंय का बघ. ते साध्या गॉगललाही असतं.

हप्त्यावर घेतलेलं काही असेल तर सांग, दोघी मिळून बघू. रागावणार नाही.

आणि उद्या कोणता जोड घालून गेलीस, ते रात्री फोनवर सांग.

तुझी,
आई