नंदे, आठ दिवसांत तीन बेटं नकोत

पुणे
रविवार सकाळ

प्रिय नंदा,

तुझं पत्र आणि सोबतचा बेत दोन्ही नीट वाचलं. आठ दिवस, ग्रीसची तीन बेटं, मिकोनोस, सांतोरिनी, क्रीट, आणि बरोबर काकू. तुझा उत्साह पाहून इतका आनंद झाला की अविनाशलाही मोठ्यानं वाचून दाखवलं. मग कागद घेऊन बसले, कारण मला जे सांगायचंय ते फोनवर मावणार नाही.

बेट बदललं की एक अख्खा दिवस जातो. सकाळी खोली सोडायची, सामान घेऊन बंदरावर उन्हात उभं राहायचं, उशिरा आलेल्या बोटीत चढायचं, उतरून नवी खोली शोधायची. काकूंच्या गुडघ्यांना हे झेपणार नाही, आणि तुझ्याही लक्षात राहतील ती बंदरंच. एकच बेट घे. आम्ही तो उन्हाळा जिथे काढला ते नाक्सोस घे.

सिक्लाडीझ म्हणतात त्या बेटांच्या समूहातलं हे सगळ्यांत मोठं बेट. मला ते आवडलं याचं खरं कारण म्हणजे ते स्वतःच्या हिमतीवर जगतं. तिथे डोंगर आहेत, डोंगरांमुळे पाणी आहे आणि पाण्यामुळे शेती आहे. झास नावाचा डोंगर हजार मीटरच्या थोडा वर जातो, या सगळ्या समूहात त्याहून उंच काही नाही. नाक्सोसचे बटाटे अख्ख्या ग्रीसमध्ये नावाजलेले, इथलं ग्राव्हिएरा चीज मुख्यतः गाईच्या दुधाचं. पर्यटक ऑक्टोबरात निघून गेले तरी इथला माणूस ऑलिव्ह उतरवायला, गुरं राखायला मागे उरतोच. त्यामुळे तुझ्याशी कोणी बोललं तर ते बोलणं विक्रीपुरतं नसतं. आम्ही ज्यांच्याकडे राहिलो त्या आजींनी दारात टोमॅटो ठेवून जाण्याचा नेम शेवटपर्यंत मोडला नाही.

जायचं कसं ते आधी सांगते. विमानतळावरून मेट्रोची तीन नंबरची लाइन आता थेट पिरेअस बंदरापर्यंत जाते, २०२२ पासून. पिरेअस प्रचंड आहे, तेव्हा तिकिटावर गेट कुठलं लिहिलंय ते आदल्या रात्रीच पाहून ठेव. वेगवान बोटीच्या मोहात पडू नकोस. गाड्या-ट्रक पोटात घेऊन जाणारी मोठी फेरी साधारण पाच-साडेपाच तास घेते, पण ती स्वस्त असते, लाटांवर कमी हलते आणि डेकवर मोकळं बसता येतं. काकूंना समुद्र बघत बसू दे. वाटेत पारोस लागतं, त्यानंतरचं नाक्सोस. पारोस सुटलं की सामान घेऊन खाली उतरायच्या तयारीत राहा. सगळे प्रवासी बोटीच्या पोटात, ट्रकांच्या शेजारी गर्दी करून उभे राहतात, मागचा भला मोठा दरवाजा साखळ्यांचा आवाज करत खाली येतो आणि काही मिनिटांत बोट पुन्हा निघते. तिथे घाबरायचं नाही, काकूंचा हात धरून कडेकडेनं चालायचं.

बोट बंदरात शिरताना डाव्या हाताला पाहा. पाण्याच्या कडेला एका टेकाडावर संगमरवराची एकटी चौकट उभी दिसेल, सुमारे सहा मीटर उंच. ही पोर्तारा. इसवी सनापूर्वी ५३० च्या सुमारास लिग्दामिस नावाच्या हुकूमशहानं अपोलोचं मोठं देऊळ बांधायला घेतलं, त्याची सत्ता गेली आणि देऊळ अर्धवटच राहिलं. पुढे व्हेनिसच्या लोकांनी त्याचे दगड किल्ल्यासाठी उचलून नेले, पण या चौकटीचे दगड इतके अवजड की ते जागचे हलले नाहीत. संध्याकाळी तिथे सगळा गाव जमतो. काकूंना मात्र सकाळी घेऊन जा, बांधावरची वाट तेव्हा रिकामी असते आणि लाटांचे तुषार अंगावर येत नाहीत.

वर कास्त्रो आहे, म्हणजे किल्ल्यातली वस्ती. १२०७ च्या सुमारास मार्को सानुदो नावाच्या व्हेनेशियन सरदारानं हे बेट घेतलं आणि इथूनच आजूबाजूच्या बेटांवर राज्य चालवलं. आजही काही दरवाजांवर त्या घराण्यांची चिन्हं कोरलेली दिसतात आणि मधोमध कॅथलिक चर्च आहे. खालच्या गल्ल्या मुद्दाम गुंतागुंतीच्या, कमानीखालून वळणाऱ्या. त्यात रस्ता चुकलीस तर काळजी करू नकोस, उतार धरलास की समुद्रावरच येशील. पायऱ्या खूप आहेत, काकूंना उन्हं कलल्यावर, थांबत थांबत ने.

आता जेवण, कारण तुझं निम्मं पत्र त्याच काळजीनं भरलंय. काकू पूर्ण शाकाहारी आहेत, मान्य. पण ग्रीक स्वयंपाकात शाकाहार पाहुणा नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपास वर्षात पुष्कळ असतात आणि त्यांत मांस, दूध, अंडी चालत नाहीत. त्या जेवणाला निस्तीसिमा म्हणतात. हा एक शब्द पाठ कर. त्यातही कधी कोलंबी किंवा माकूळ चालतं, म्हणून पुढे ‘खोरीस क्रेआस, खोरीस प्सारी, खोरीस थालासिना’ म्हण, मांस नको, मासे नकोत, कोलंबी-माकूळही नको. दुसरा शब्द लादेरा, म्हणजे ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेल्या भाज्या. ब्रिआम हा वांगी, बटाटे, झुकिनी, टोमॅटोचा भट्टीत भाजलेला पदार्थ काकूंना नक्की आवडेल. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या. आत खिमा नाही ना हे विचारून घे. खोर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, वर लिंबू आणि तेल. गिगांतेस हे टपोरे वाल टोमॅटोच्या रसात येतात. चीजबद्दल एक सांगून ठेवते: पारंपरिक चीज करताना दूध साकळायला बहुधा वासराच्या किंवा कोकराच्या पोटातला पदार्थ वापरतात. काकूंना आधीच सांग, मग त्यांचं त्या ठरवतील.

जेवायची वेळ रात्री नऊनंतर. दुपारी तीन ते पाच-साडेपाच गाव झोपतो, त्या वेळी जिन्यात मोठ्यानं बोलू नका, लोक खरोखर दुखावतात. काकूंना इतक्या उशिरा जेवण चालणार नाही, म्हणून स्वयंपाकघर असलेली खोलीच घे. दुकानात फावा नावाची पिवळी डाळ मिळते, तिचं वरण झकास होतं. हिंग, हळद आणि चहाची पूड घरून ने. बाकी तांदूळ, भाजी, दही सगळं मिळतं, आणि दही असं घट्ट आणि गोड की आम्ही रोज रात्री भातावर घेत होतो.

आणि खाल्की! नंदे, काहीही चुकव पण हे चुकवू नकोस. बेटाच्या मध्यावर त्रागेआ नावाचं ऑलिव्हच्या झाडांनी भरलेलं खोरं आहे, त्यात हे छोटं गाव. तिथे १८९६ पासून वालिंद्रास घराण्याची भट्टी आहे आणि तिच्यात कित्रोन नावाचं मद्य गाळतात. ते ज्या झाडाच्या पानांपासून गाळतात ते झाड म्हणजे आपलं म्हाळुंग. अंबाबाईच्या उजव्या हातात जे फळ आहे तेच! भट्टीच्या जुन्या तांब्याच्या भांड्यांपुढे उभी असताना मला हे कळलं आणि पहिली आठवण काकूंची आली. लहानपणी तुमच्याकडे कोल्हापूरला आले की मला देवळात नेऊन मूर्तीच्या हातातलं फळ त्याच तर दाखवायच्या. कित्रोन तीन रंगांत येतं, हिरवं सगळ्यांत गोड आणि सौम्य, पिवळं सगळ्यांत कडक. काकूंसाठी त्याच फळाच्या सालीचा मुरंबा मिळतो, एका बशीत चमच्याभर, सोबत थंड पाण्याचा पेला. पाहुण्याला असंच देतात तिथे, आपल्या गूळ-पाण्यासारखं.

खाल्कीहून पुढे वर आपिरान्थोस. रस्ते, पायऱ्या, उंबरे सगळं संगमरवराचं, आणि पायांनी झिजून गुळगुळीत झालेलं. तिथे रबरी तळव्याच्या चपलाच घाला. या गावाबद्दल मला फार आदर वाटतो. जर्मन सैन्यानं अथेन्स घेतलं त्या वर्षी, ३० मे १९४१ च्या रात्री, अक्रोपोलिस टेकडीवरचा नाझी झेंडा दोन तरुणांनी खाली उतरवला. त्यांतला मानोलिस ग्लेझोस इथला, तेव्हा अठरा वर्षांचा. पुढे तुरुंगवास, राजकारण, संसद सगळं करून हाच माणूस १९८६ मध्ये आपल्या गावाचा कारभारी म्हणून निवडून आला आणि गावातले निर्णय लोकांनी एकत्र बसून घ्यावेत म्हणून झटला. २०२० मध्ये तो गेला. या गावातली म्हातारी माणसं जागच्या जागी दोन ओळींची यमकं जुळवून एकमेकांना उत्तरं देतात, त्यांना कोत्साकिया म्हणतात. मला भाषा कळत नव्हती, पण समोरच्याचा चेहरा पाहून उत्तर लागलं की नाही ते कळायचं.

आजूबाजूच्या डोंगरांत एमरीच्या खाणी आहेत, घासकागदावर जी खरखरीत काळी पूड असते तोच दगड. तो खाली मुत्सूना बंदरापर्यंत हवेतून तारांवर टांगून नेत. त्या रोपवेचे लोखंडी खांब अजून उभे आहेत. गाडीतून जाताना थांबून पाहा, किती माणसांचं आयुष्य त्या धुळीत गेलं असेल.

उत्तरेच्या टोकाला आपोलोनास आहे. रस्ता वळणावळणाचा, काकूंना आवळासुपारी दे. गावाच्या वरच्या जुन्या खाणीत एक पुतळा उताणा पडलाय, दहा मीटरहून लांब, दाढीवाला, बहुधा दिओनिसोस या मद्याच्या देवाचा. दगडातून अर्धवट सुटलेला, हात-पाय नुसते सुचवलेले. अडीच हजार वर्षांहून अधिक काळ तो तसाच आहे. कुठे भेग गेली, की पैसा संपला, की मालक गेला? त्याच्या पायाशी मी किती वेळ उभी होते. एवढ्या मोठ्या दगडाला छिन्नी लावून, इतकं काम करून, एका सकाळी ते थांबवावं लागणं याचं दुःख मला अजून सलतं. मेलानेस भागातही असाच एक, लहान, पाय मोडलेला पुतळा झाडीत आहे. तिथली वाट सोपी आहे, जमलं तर तिथेही जा.

सांग्रीचं देऊळ मात्र काकूंसाठीच आहे असं मी म्हणेन. शेतांच्या मधोमध दिमित्राचं, म्हणजे धान्याच्या देवीचं देऊळ, पोर्ताराच्याच काळातलं. सगळं संगमरवराचं, अगदी छपराची कौलंसुद्धा. विखुरलेले तुकडे शोधून, जुळवून त्याचा काही भाग पुन्हा उभा केलाय. चालणं थोडं, चढ अगदी सौम्य. सकाळी दहाच्या आत जा, सावली नाही.

पोहायला काकूंना घेऊन आयिओस गेओर्गिओसलाच जा. गावातून पायी अंतर, पाणी उथळ, कितीतरी लांबपर्यंत कमरेएवढंच. किनारे सगळ्यांसाठी खुले असतात, छत्री-खुर्चीचं भाडं नको असेल तर आपली चादर अंथरून बसायचं. तुला एकटीला वेळ मिळाला तर बसनं प्लाकाला जा, लांबच लांब वाळू. बस बंदरासमोरून सुटतात, तिकीट आधीच काढून ठेव आणि परतीची शेवटची बस केव्हा आहे ते चालकाला विचार. डोंगरातल्या गावांना दिवसातून मोजक्याच जातात, म्हणून दोन-तीन दिवस गाडी भाड्यानं घ्यावीच लागेल. त्यासाठी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घे.

वाऱ्याचं नीट ऐक. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो, आकाश निरभ्र असतं आणि तरी समुद्र खवळलेला. फार जोर धरला की बोटींना बंदर सोडायला परवानगी मिळत नाही, आणि आधी थांबतात त्या वेगवान बोटीच. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी अथेन्सला पोचलेली असायला हवीस. माझं मत विचारशील तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा घे. समुद्र ऊबदार, वारा नरम, द्राक्षं उतरलेली, खोल्यांचे भावही खाली आलेले.

सप्टेंबरमध्ये एकच गोष्ट हुकेल, १५ ऑगस्ट. त्या दिवशी ग्रीसभर मरियमेचा सण असतो आणि नाक्सोसवरच्या फिलोती गावात मोठी जत्रा भरते. आम्ही गेलो होतो. व्हायोलिन आणि लाउतो नावाचं तंतुवाद्य वाजत होतं, आजीपासून नातवापर्यंत सगळे एकमेकांच्या हातात हात गुंफून पहाटेपर्यंत नाचत होते, आणि एका बाईंनी मला ओढून त्या साखळीत घेतलं. पण त्या आठवड्यात बोटींत आणि खोल्यांत जागा मिळणं फार कठीण. काकूंबरोबर नको.

तरीही एक दिवस दुसरं बेट पाहायचंच असेल तर वारा पडलेला असताना देलोसची बोट घे. तिथे कोणी राहत नाही, नुसते अवशेष. तिथले प्रसिद्ध संगमरवरी सिंह नाक्सोसच्याच लोकांनी इसवी सनापूर्वी सातव्या शतकात अर्पण केलेले आहेत. मूळचे आता तिथल्या संग्रहालयात ठेवलेत. टोपी आणि भरपूर पाणी हवं.

बारीकसारीक: संडासात कागद टाकायचा नाही, शेजारी डबा असतो, नळ्या अरुंद आहेत. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, काकूंची साडी आहेच. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. उन्हाळ्याच्या तारखा लवकर भरतात, तेव्हा ते पहिलं उरक.

बोटीची तिकिटं काढण्याआधी मला फोन कर. आम्ही राहिलो त्या आजींकडे खालच्या मजल्यावरची खोली आहे, एकही पायरी नाही. मी आजच त्यांना निरोप धाडते, तू फक्त तारखा कळव. काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग आणि म्हाळुंगाचं त्यांना आधी सांगू नकोस, ते खाल्कीत त्यांचं त्यांना दिसू दे.

तुझीच,
मीना