निपाणीतल्या प्रोस्टेट स्कॅनबद्दल

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय परशराम,

तुझं पत्र मिळालं. निपाणीत प्रोस्टेटचे (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचे) एमआरआय सुरू होणार हे वाचून फार आनंद झाला. चिकोडी-संकेश्वरकडच्या वयस्कर माणसांचा एका स्कॅनसाठी बेळगावला किंवा मिरजेला होणारा हेलपाटा वाचेल.

कर्टोसिस, व्हर्डिक्ट ही डिफ्युजनची (ऊतकातलं पाणी किती मोकळं फिरतं ते बघणाऱ्या एमआरआयची) नवी तंत्रं पहिल्यापासूनच घ्यावीत का, असं तू विचारलंस. माझं ठाम मत असं की आधी साधं डिफ्युजन निर्दोष येऊ दे. नव्या मॉडेलांना सिग्नल तोच लागतो. तोच वाकडा आला तर पुढचं गणित वाया जातं.

वाकडेपणा येतो तो बहुतेक वेळा गुदाशयातल्या वायूमुळे. प्रोस्टेटचे सुमारे ७० टक्के कर्करोग पेरिफेरल झोनमध्ये (ग्रंथीच्या मागच्या, बाहेरच्या भागात) होतात आणि तो भाग गुदाशयाला अगदी लागून असतो. हवा आणि ऊतक यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र बिघडतं, आणि ईपीआय या वेगवान पद्धतीत चित्र तिथेच फेज-एन्कोडिंगच्या दिशेने (चित्राच्या एका ठरावीक अक्षावर) ताणलं किंवा दाबलं जातं. म्हणून पेशंटला टेबलावर घेण्याआधी शौचाला पाठवच. लोकलायझरमध्ये (सुरुवातीच्या झटपट चित्रात) वायू दिसला तर बारीक कॅथेटरने काढून घे, नाहीतर पालथं झोपवून स्कॅन कर. तयारीच्या सूचना मराठी आणि कन्नड दोन्हींत छापून अपॉइंटमेंट देतानाच हातात दे. लांबच्या गावाहून बसने आलेल्या माणसाला दारात पोचल्यावर सांगून काय उपयोग? खुब्याचा सांधा बदललेला असेल तर ३ टेस्ला चुंबकाच्या मशीनपेक्षा तुमचं १.५ टेस्लाच बरं, धातूचा त्रास कमी होतो. बायोप्सी झालेली असेल तर निदान सहा आठवडे जाऊ देत, कारण साकळलेलं रक्त कर्करोगाची नक्कल करतं.

आता सेटिंग. पाय-रॅड्स २.१ (प्रोस्टेट एमआरआयची आंतरराष्ट्रीय नियमावली, २०१९) प्रमाणे डिफ्युजनचे स्लाइस ४ मिमीपर्यंत, मध्ये गॅप नको. एफओव्ही (चित्रात येणारं क्षेत्र) १६ ते २२ सेमी, टीई (सिग्नल घेईपर्यंतचा वेळ) ९० मिलिसेकंदांपर्यंत, टीआर (दोन पल्सांमधला वेळ) ३००० मिलिसेकंद किंवा जास्त. बी म्हणजे पाण्याच्या हालचालीने सिग्नल किती घटवायचा ते ठरवणारा आकडा; खालचा बी ५० ते १००, मधला ८०० ते १०००, वरचा १४०० किंवा जास्त. खालचा शून्य घेतलास तर केशवाहिन्यांतल्या रक्ताचा वेगही एडीसीमध्ये (पाणी किती मोकळं फिरतं त्याच्या आकड्यात) मिसळतो, म्हणून ५० बरा. एडीसी काढताना १००० च्या वरचा बी घेऊ नकोस.

वरचा बी कशाला, हे आकड्यांनीच बघ. समजा बी-५० ला गाठीचा आणि निरोगी भागाचा, दोन्हींचा सिग्नल ४०० आहे. बी-८०० ला गाठ २२० वर, निरोगी भाग १२० वर. गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग काढून ७५० ने भागलं की गाठीचा एडीसी सुमारे ८०० आणि निरोगी भागाचा १६०० येतो (एकक मायक्रोमीटर वर्ग प्रति सेकंद). ७५० ते ९०० च्या खाली गेलेल्या एडीसीकडे संशयाने बघायचं, म्हणजे ही गाठ त्या पट्ट्यात बसते. हाच हिशेब बी-१४०० पर्यंत नेला की गाठ १३६ वर राहते आणि निरोगी भाग ४६ वर उतरतो. बी-८०० ला पावणेदोन पटीच्या आसपास असलेला फरक तिथे तिप्पट झाला.

खऱ्या गाठीत मात्र सिग्नल या सरळ हिशेबापेक्षा थोडा वरच राहतो, कारण दाट पेशींत पाण्याला मोकळं फिरता येत नाही. तो जादाचा भाग मोजणं म्हणजे कर्टोसिस. त्यासाठी बी २००० च्या आसपास जावं लागतं, आणि १.५ टेस्लावर तिथे सिग्नल नॉइजच्या तळाला टेकतो. मग घसरण थांबल्यासारखी वाटते आणि कर्टोसिस खोटाच वाढतो. अ‍ॅव्हरेज (तेच मोजमाप पुन्हा पुन्हा घेणं) वाढवून थोडं सावरता येतं, पण वेळ वाढतो आणि पेशंट हलतो. व्हर्डिक्ट तर बी ३००० पर्यंत जातं. सिग्नलची पेशींच्या आतलं पाणी, बाहेरचं पाणी आणि रक्तवाहिन्या अशी वाटणी करून ते पेशींच्या आतला हिस्सा सांगतं. कल्पना मला मनापासून आवडते, पण तिला ताकदीचे ग्रेडियंट (चुंबकीय क्षेत्राला उतार देणारी कॉइलं) लागतात. तुमच्या मशीनची ग्रेडियंटची ताकद किती, हे इंजिनिअरला आधी विचारून घे.

वाचताना पेरिफेरल झोनमध्ये डिफ्युजनला मान, ट्रान्झिशन झोनमध्ये (मूत्रमार्गाभोवतीच्या आतल्या भागात) टी-२ ला, म्हणजे रचना दाखवणाऱ्या साध्या चित्राला. ट्रान्झिशन झोनमधल्या स्ट्रोमल (तंतुमय, साध्या) गाठी, मूत्राशयाजवळचा सेंट्रल झोन, पुढची तंतुमय पट्टी हे सगळे एडीसीवर काळे दिसतात. क्षयरोगात किंवा मूत्राशयात बीसीजी (तिथल्या कर्करोगावर देतात ती लस) दिल्यावर होणारा ग्रॅन्युलोमॅटस (बारीक गाठी करणारा) दाहसुद्धा हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो, म्हणून फॉर्मवर ते दोन प्रश्न घालच. आणि बी-१४०० वर पांढरं दिसलं की एडीसीवर तीच जागा काळी आहे का, हे ताडून बघ. नसेल तर ती टी-२ ची चमक (डिफ्युजनमुळे नसलेला पांढरेपणा) असू शकते.

पहिले काही स्कॅन झाले की बी-५० आणि टी-२ शेजारी ठेवून प्रोस्टेटची मागची कड जुळते का बघ, आणि ते स्क्रीनशॉट पेशंटचं नाव झाकून मला पाठव. कड कुठे सरकली आहे ते बघून सेटिंगमध्ये काय बदलायचं ते लगेच कळवतो.

तुझा,
मारुती